आबांच्या अंगठ्यात सगळ्यांचा वाटा

आबांचा उजवा पाय बुटात शिरेना, तेव्हा कारखान्यात जमलेली सगळी माणसं बुटाकडे बघू लागली. पायाकडे कोणीच बघितलं नाही. या घराच्या रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं. चार पिढ्या बूट शिवून पोट भरलेली ही माणसं. पाय आणि बूट यांचं भांडण लागलं की चूक बुटाची, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. गिऱ्हाइकाचा पाय चुकत नसतो, असं आबा म्हणत, आणि आबांचं म्हणणं खोडून काढायची टाप कोणाची होती?

टाचणी त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली होती. हातात बूट चढवायची पट्टी आणि कपाळावर घाम. आबांच्या धाकट्या मुलाची ही एकुलती एक मुलगी. अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार म्हणून लहानपणीच हे नाव पडलं, ते सव्विसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. आज मात्र तिची सगळी टोकं बोथट झाली होती.

"आबा, जरा पुढे रेटा ना."

"रेटतोय गं."

"दुखतंय का?"

"छे! नवं कातडं आहे. पहिल्या दिवशी थोडं अंग चोरतंच." आबा हसले, पण ते हसू ओठांच्या वर काही चढलं नाही.

पहिली फेरी होती आज. घरातलं कोणीही स्वतःच्या हातानं पहिला जोड शिवला की तो गिऱ्हाइकाला जात नसे, घरच्या कर्त्याच्या पायात जाई. कर्त्यानं तो घालून कारखान्याच्या पायरीपासून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत बूट घालणाऱ्याच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही, तर जोड पास. मग बुटाच्या तळाला घराचा ठसा मारायचा आणि शिवणाऱ्याला पुढच्या खोलीत, खिडकीजवळ, स्वतःचं बाक मिळायचं. शब्द निघाला तर पुन्हा वर्षभर दोऱ्याला मेण लावत बसायचं. थोरला आणि धाकटा, दोघं याच वाटेनं कारागीर झाले होते. या फेरीला उभी राहणारी घरातली पहिली मुलगी टाचणी.

"माप चुकलंय," थोरला म्हणाला. हाताची घडी घालून तो कपाटाला टेकून उभा होता.

"आई, दादाला सांग," धाकटा खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाला, "माझ्या पोरीनं तीनदा माप घेतलंय."

"आई, त्याला सांग, चुकीचं माप तीनदा घेतलं तरी चुकीचंच राहतं."

आजी मधोमध स्टुलावर बसली होती. वर्षभर तिचा असा टपालपेटीसारखा वापर चालला होता. "मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "दोघांना कान आहेत."

भाऊभाऊ का बोलत नव्हते, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. गेल्या वर्षी आबांसाठी तपकिरी जोड केला. थोरल्यानं कातडं कापलं, धाकट्यानं शिवलं. दोन महिन्यांनी आबा म्हणाले, उजवा चावतो. थोरला म्हणाला, शिवण घट्ट पडली. धाकटा म्हणाला, कापच आखूड आहे. थोरल्यानं बूट नेला, आठवडाभर साच्यावर ताणून ठेवला आणि परत दिला. आबा त्यातून तुरुतुरु चालले. झालं, सिद्ध झालं! पुढे हेच आणखी दोनदा झालं, काळ्या जोडाच्या वेळी आणि घरात घालायच्या सपातांच्या वेळी. दर वेळी थोरला ताणायचा, दर वेळी बूट सुधारायचा, आणि दर वेळी धाकट्याची शिवण आणखी बदनाम व्हायची. शेवटी धाकट्यानं आपलं बाक उचललं आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं.

आबांना हे सगळं दिसत होतं, पण त्या क्षणी त्यांना त्याहून जवळचं काहीतरी छळत होतं. पहाटेपासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कोणी कातड्याला भोकं पाडायची आरी तापवून फिरवत असल्यासारखं वाटत होतं. सकाळी त्यांनी दोन गोळ्या गुपचूप गिळल्या होत्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून घेतलेल्या, कामाच्या एप्रनच्या खिशात लपवलेल्या. त्यांनी काही उपयोग झाला नव्हता. आता 'दुखतंय' असं म्हटलं, की थोरला म्हणणार, बूट चावतो. पोरीचं वर्ष गेलं. आणि जोड तर असा झाला होता, की आबांना मनातून हेवा वाटत होता. काय ती टाचेची गोलाई, काय ती टाक्यांची ओळ! आपल्या पहिल्या जोडाला याची सर नव्हती, हे ते मरेपर्यंत कोणाला सांगणार नव्हते.

'जाऊ दे अंगठा गेला तर,' असं ठरवून त्यांनी डोळे मिटले आणि पाय जोरात आत रेटला.

जी किंकाळी निघाली, ती ऐकून वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"बघा! चावला!" थोरला म्हणाला.

टाचणीनं घाईघाईनं बूट काढून घेतला. तिचे डोळे भरून आले होते. "माझंच चुकलं, आबा. काका म्हणतात ते खरं आहे. मी पुन्हा साच्यावर घेते, आठवडाभर ताणते."

"हो, ताण," आजी शांतपणे म्हणाली. "आणि ताणून झालं की आमचं पांघरूणही घेऊन जा. तेही ताणून आण."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"कालपासून पांघरुणाचा काठ जरी त्या अंगठ्याला लागला, तरी हे बोंबलतात. झोपताना पायात बूट नसतो ना? मग अंथरुणात कोणता बूट चावतो यांना? पांघरूण ज्यानं शिवलं, त्यालाही बोलवा. करा त्याचीही चौकशी."

कारखान्यात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि आमची टाचणी तर तोंड उघडं टाकून बसलीच होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून कप खाली ठेवल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई फेरी बघायला आल्या होत्या. त्यांच्या पायातले बूट याच घरचे. आबांची साखर, आबांचा रक्तदाब आणि अलीकडे जरा सुस्तावलेली मूत्रपिंडं, हा सगळा संसार गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे होता.

"मला बघू द्या," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कशाला उठता? पायाचं खातं आमच्याकडे," आबा म्हणाले.

"दर वेळी हेच सांगता. साखर आहे, मोजे काढा, पाय दाखवा, असं म्हटलं की म्हणता, घोट्याच्या वरचं तुमचं, खालचं आमचं. आणि मी मूर्खासारखी हसते." त्या खाली बसल्या. "आज नाही हसणार. काढा मोजा."

मोजा निघाला. अंगठ्याचा सांधा लालबुंद, चकचकीत आणि चांगला लिंबाएवढा झाला होता. बाईंनी कुठे जखम, चीर, फोड आहे का ते नीट पाहिलं, ताप बघितला. आबांनी खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली.

थोरल्याची बायको, वहिनी, हे सगळं दारातून बघत होती. आबांच्या गोळ्या, आबांचा चहा, आबांची पथ्यं, सगळं तिच्या हातात. सासऱ्यांची साखर तिनं मोठ्या कष्टानं ताब्यात आणली होती, आणि घरातल्या कोणालाही ती आबांच्या ताटाजवळ फिरकू देत नसे. आता या सुजलेल्या पायाकडे बघताना तिला वाटलं, माझ्या नाकाखाली हे कधी झालं?

"असं पहिल्यांदाच झालंय?" बाईंनी विचारलं.

"हो," आबा म्हणाले.

"नाही," आजी म्हणाली. "तपकिरी बुटाच्या वेळी झालं होतं. काळ्याच्या वेळी झालं. सपातांच्या वेळीही."

"आणि मग बरं कसं झालं?"

"दादा बूट ताणायचा," धाकटा म्हणाला. वर्षभरात प्रथमच त्यानं आजीला मध्ये न घालता दादाचं नाव घेतलं.

"किती दिवस?"

"आठवडाभर. कधी थोडं जास्त."

बाई आधी गालात हसल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. "अहो, हा गाउट आहे. जुने लोक वातरक्त म्हणायचे. रक्तात युरिक ॲसिड साठतं आणि त्याचे बारीक खडे सांध्यात बसतात. एका रात्रीत पेटतं, आणि औषध दिलं नाही तरी आठवड्या-दोन आठवड्यांनी आपलं आपण विझतं. तुम्ही बूट ताणला असता किंवा खुंटीला टांगून ठेवला असता, तरी पाय तेवढ्याच दिवसांत बरा झाला असता!"

थोरल्याच्या हातांची घडी सुटली. त्याच्या डोक्यात तपकिरी, काळा आणि सपाता एकामागून एक उलट्या फिरू लागल्या. दर वेळी तो बूट हातात घेऊन छाती पुढे काढून आबांकडे गेला होता. दर वेळी म्हणाला होता, बघा, शिवण सैल केली. त्यानं शिवण सैल केलीच नव्हती. करायला जागाच नव्हती, इतकी ती नेमकी होती. हे त्याला तेव्हाही दिसलं होतं, पण बूट पायात बसला म्हणजे आपलं खरं, असं त्यानं मानून घेतलं. त्याला धाकट्याकडे बघवेना.

"पण हे झालं कशानं?" वहिनीनं विचारलं. "साखर तर मी ताब्यात ठेवलीय. चहात चिमूटभरसुद्धा घालत नाही. उलट ताकद राहावी म्हणून रोज फळांचा रस देते."

"घरी काढलेला?"

"बाटलीतला. त्यावर 'आरोग्यासाठी' असं छापलंय."

"उद्यापासून बंद. त्यातली साखर युरिक ॲसिडही वाढवते. अख्खं फळ द्या, बेतानं."

वहिनीचा चेहरा पडला. थोरल्याला बायकोची बाजू घ्यायला हवं, असं वाटलं. "रस गेला तर गेला. पायात जोर यावा म्हणून मी रोज संध्याकाळी हाडांचं सूप आणतो की."

"तेही बंद."

"ते का?"

"कारण त्यानंही युरिक ॲसिड वाढतं."

धाकटा हसला. फार दिवसांनी थोरल्याची फजिती बघायला मिळाली होती. बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही काय देता आबांना?"

"मी? काही नाही." त्यानं आबांकडे चोरून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "रविवारी मागच्या खोलीत आम्ही दोघं... थोडी बिअर..."

"काय?" वहिनी आणि आजी एकदम ओरडल्या. एका क्षणात सासू-सुनेची आघाडी उभी राहिली. इतर दिवशी चहात दूध किती यावरून दोघींचं जमत नसे.

"एकटाच बसतो बिचारा मागे," आबा पुटपुटले. "सोबत नको का कोणी?"

"आणि तुम्ही हो आजी?" बाईंनी विचारलं. "पाणी किती पितात हे?"

आता आजीची मान खाली गेली. "रात्री सारखं उठायला लागतं म्हणून... दुपारनंतर मी तांब्या उचलून ठेवते."

"वा! म्हणजे खडे धुऊन जायची वाटही बंद." बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "रागावू नका. मीही यात आहे. रक्तदाबासाठी जी लघवी वाढवणारी गोळी दिली, तिनंही युरिक ॲसिड चढतं. पाय बघितला असता तर ती आधीच बदलली असती."

आबांच्या त्या लाल अंगठ्यात सगळ्या घराचा वाटा निघाला होता. थोरल्याचं सूप, वहिनीचा रस, धाकट्याची बिअर, आजीचा उचललेला तांब्या, डॉक्टरीणबाईंची गोळी. प्रत्येकानं जीव लावून घातलेला. माणसाला प्रेमानं असंही मारता येतं, पण आबा एवढ्या प्रेमाला पुरून उरले होते.

"फक्त टाचणीचा वाटा नाही," आबा म्हणाले. "तिनं नुसता बूट शिवला."

तेव्हा पहिल्यांदा हशा पिकला. टाचणी मात्र अजून गंभीर होती. "आणि सकाळी तुम्ही एप्रनच्या खिशातून काढून गिळलेल्या त्या गोळ्या?"

आबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू उद्यापासून या पोरीशी जपूनच राहायला हवं. गोळ्या बाहेर आल्या. बाईंनी पाकीट उलटसुलट केलं आणि त्यांचं हसू गेलं. "ह्या कधीपासून घेताय?"

"बूट चावला की."

"तरीच! मागच्या तपासणीत मूत्रपिंडाचा आकडा का बिघडला, म्हणून मी डोकं खाजवत होते. आबा, तुमच्या मूत्रपिंडांना ह्या गोळ्या चालत नाहीत. पुन्हा हात लावायचा नाही. तुमचं असं आहे, की सूज झटकन उतरवणारं औषध दिलं तर साखर उसळते, नेहमीचं वेदनाशामक दिलं तर मूत्रपिंड रुसतं. एकाला गोंजारावं तर दुसरा फुगतो."

"या घरासारखंच," आजी म्हणाली.

"म्हणून एकेकाचं एकेकानं बघायचं नाही. सगळं एकत्र बघायचं. आता तुमच्या मूत्रपिंडाला झेपेल अशा बेतानं औषध देते, बर्फाचा शेक आणि पाय वर. रक्तदाबाची गोळी बदलते. उद्या रक्त तपासू, पण ठणका असताना आकडा कधी फसवा येतो, म्हणून नंतर पुन्हा. मग युरिक ॲसिड उतरवणारी रोजची गोळी थोड्यापासून सुरू करू. सुरुवातीला त्यानंही एखादा झटका येईल, घाबरायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखायचं थांबलं म्हणून गोळी थांबवायची नाही. बरं वाटलं म्हणजे बरं झालं, हे या घरानं तीनदा मानून झालंय."

"सूप-रस बंद केला तर गोळी टळेल?" थोरल्यानं विचारलं.

"पथ्यानं मदत होते, पण सगळा दोष ताटावर ढकलू नका. त्यांचं मूत्रपिंडच युरिक ॲसिड बाहेर टाकायला कमी पडतं. कधीकधी हे घराण्यात असतं. कोणाला होतं का?"

"छे," आबा म्हणाले आणि तसेच थांबले. सगळ्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे आबांच्या वडिलांच्या पायाचा लाकडी साचा टांगलेला होता. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कातड्याचे तुकडे ठोकून ठोकून त्याला भलंमोठं टेंगूळ आलं होतं. इतकी वर्षं पाहुण्यांना तो साचा दाखवून आबा सांगत, बापाचा पायच राजेशाही होता.

"बाबांनाही बूट चावायचा," आबा हळूच म्हणाले. "आम्ही साच्यावर तुकडे वाढवत गेलो."

"मग तुम्ही दोघंही रक्त तपासून घ्या," बाई मुलांना म्हणाल्या.

औषध आलं, बर्फ आला, पाय उशीवर गेला. वहिनीनं तांब्या भरून आबांच्या हाताशी ठेवला आणि आजीनं तो मुकाट्यानं ठेवू दिला.

"फेरी राहिली," थोरला म्हणाला.

टाचणीनं बूट छातीशी धरला. "राहू दे, काका. आबांचा पाय बरा झाला की..."

"कशाला? जोड तयार आहे, माणसं जमलीत." तो पुढे आला, खाली बसला आणि स्वतःचा उजवा बूट काढला. "या घरात तिघांच्या पायाचं माप एकच. लहानपणी कोण आबांचे बूट पळवून मिरवायचं, ते आईला विचार. दे इकडे."

उजवा बूट त्याच्या पायात अलगद बसला. त्यानं डावा उचलला, क्षणभर हातात धरला आणि धाकट्यापुढे ठेवला. धाकटा त्या बुटाकडे बघत राहिला. मग त्यानं तो घातला.

"पण फेरी कर्त्यानं करायची असते," आबा म्हणाले.

"कर्त्यालाच नेतोय," थोरला म्हणाला. "बाई, चालेल?"

"पाय जमिनीला लागला तर मी ठसा तुमच्या पाठीवर मारीन," बाई म्हणाल्या.

वर्षभर एकमेकांशी न बोललेल्या त्या दोघांनी एकमेकांची मनगटं धरली आणि हातांची खुर्ची केली. आबा त्यावर बसले, दोघांच्या गळ्यात हात टाकले, आणि तो लाल अंगठा पुढे काढून वरात निघाली. गल्लीतली माणसं दारात आली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आबांनी वरून नवरदेवासारखी मान डोलावली.

टाचणी पायरीवर उभी राहिली. तिला फक्त पाठी दिसत होत्या, आणि एक डावा, एक उजवा असे तिचे दोन बूट, दोन माणसांच्या पायांत एका तालात पडणारे. खांबापर्यंत कोणी बोललं नाही. खांबाशी वळताना मात्र तिनं स्पष्ट पाहिलं. काकांनी मान वळवली आणि त्यांचे ओठ हलले. काहीतरी म्हणाले ते. चांगलं वाक्यभर.

संपलं, तिला वाटलं. गेलं वर्ष.

ते परत आले. आबांना खुर्चीत बसवलं, पाय उशीवर ठेवला. थोरल्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "मी बोललो, आबा. खांबाशी. नियम म्हणजे नियम."

"मला काही ऐकू आलं नाही," आबा म्हणाले. "कान गेलेत माझे. डॉक्टरीणबाई, हेही लिहून घ्या, नवीन आजार. टाचणी, ठसा आण."

ठसा आणताना ती वडिलांपाशी थांबली. धाकट्याचे डोळे ओले होते आणि तो वेड्यासारखा हसत होता.

"काका काय म्हणाले, बाबा? खरं सांगा."

"शिवणीबद्दल बोलला."

"माझ्या?"

"नाही गं. माझ्या."

आबांनी हातोडीचा एकच घाव घातला आणि घराचा ठसा बुटाच्या तळावर उमटला. मग दुसऱ्यावर. थोरला मागच्या खोलीत गेला आणि धाकट्याचं बाक ओढत बाहेर आणू लागला. दुसरीकडून धाकट्यानं ते धरलं. खिडकीजवळ दोन बाकं मावतात की तीन, यावरून दोघांचं जोरात भांडण सुरू झालं. तोंडावर तोंड, मध्ये आजी नाही. स्टुलावर बसलेल्या आजीला इतकं सुरेल काही फार दिवसांत ऐकू आलं नव्हतं.

"माझे बूट तेवढे आणा," आबा म्हणाले.

"उजवा मला चांगला बसलाय," थोरला बाक न सोडता म्हणाला.

"मग डावा माझा," धाकटा म्हणाला.

"आणि मी काय अनवाणी फिरू?"

टाचणी त्यांच्या उशीपाशी बसली. मापाची फीत तिनं गळ्यातून काढली, गुंडाळली आणि खिशात ठेवली. "तुम्हाला नवा जोड करते, आबा. पण आधी पाय बाईंना दाखवायचा. त्या 'हो' म्हणाल्या, की मग मी माप घेईन."